बोटांचे औषध

आत्याच्या डाव्या हाताची नखे कापणे हा आमच्या घरातला रविवारचा कार्यक्रम होता आणि त्याला दोन माणसे लागत. मी तिचे मनगट धरून एकेक बोट उचकटायची आणि मिळालेल्या फटीतून माझा नवरा नेलकटर आत सरकवायचा. पकड जरा सैल झाली की बोट पुन्हा तळव्यात रुतून बसे. कधी नखाबरोबर थोडी कातडीही जाई. आत्या ओरडत नसे. महापालिकेच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षे मुलींना शिवण शिकवलेल्या बाईला सुईचे टोचणे आणि कात्रीचे लागणे नवीन नव्हते. तिला सहन होत नसे तो तळव्याचा वास. मुंबईच्या दमट हवेत सतत मिटलेली मूठ आतून ओली राहते, कातडी पांढरी पडते, भेगाळते, आणि कितीही पावडर घातली तरी पावसाळ्यात त्या मुठीला ओल्या फडक्यासारखा वास येतो. कोणी भेटायला आले की ती तो हात पदराखाली घेई.

अडीच वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला. आमच्या परळ-लालबागच्या जुन्या माणसांत अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात, आणि वारे गेले की हात लुळा पडतो एवढे ऐकून ठाऊक होते. लुळा पडलेला हात पुढे आखडतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. पहिले काही आठवडे तिचा डावा हात उशीवरून घसरून पडायचा, उचलून ठेवावा लागायचा. मग एके सकाळी बोटे किंचित वळलेली दिसली. पुढच्या आठवड्यात ती अधिक वळली, कोपर दुमडू लागला, आणि आम्हाला आनंद झाला! हातात जोर येतो आहे, असे आम्ही फोनवर सगळ्यांना सांगितले. कोणी तरी स्पंजचा चेंडू आणून दिला आणि आत्या दिवसभर तो दाबत बसू लागली, म्हणजे खरे तर चेंडूच तिच्या मुठीत अडकून बसू लागला. त्या चेंडूची मला आजही लाज वाटते. आधीच वळणाऱ्या बोटांना आम्ही वळण्याचीच तालीम देत होतो.

ज्या रुग्णालयात तिच्यावर पहिले उपचार झाले, तिथे तिचा जीव वाचवला गेला आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती घरी जाताना दिलेल्या कागदाबद्दल. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची सविस्तर यादी असलेल्या त्या कागदाच्या तळाशी ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी’ एवढे एकच वाक्य होते, आणि त्या एका वाक्यावर आम्ही चौदा महिने काढले. हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी आहे. बसमधून जाताना त्या इमारतीची पाटी मी शेकडो वेळा वाचली असेन, पण जीव वाचल्यानंतरच्या शरीराचे काय करायचे याची वैद्यकशास्त्रात एक स्वतंत्र शाखा आहे, हे त्या पाटीवरून माझ्या ध्यानात कधी आले नाही. आम्हाला पुनर्वसनतज्ज्ञाकडे पाठवले ते शेजारच्या इमारतीतल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने. आत्याची मूठ पाहून ती आधी चेंडू मागायला लागली. आम्ही तिच्या हातात दिला, तर तिने तो सरळ आपल्या पर्समध्ये टाकला.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आत्याचा हात दोनदा उघडून दाखवला. पहिल्यांदा झटक्यात, तेव्हा बोटे अधिकच आवळली आणि कोपर छातीकडे ओढला गेला. दुसऱ्यांदा त्यांनी इतका वेळ घेतला की बाहेरच्या दोन रुग्णांनी दार उघडून पाहिले, आणि त्या संथपणापुढे करंगळी सोडून बाकीची बोटे अर्ध्याहून अधिक उघडली. स्पॅस्टिसिटी म्हणजे नेमके हेच, असे ते म्हणाले. स्नायू ताणला गेला की त्याने उलट आकुंचन पावायचे ही मज्जारज्जूची जुनी सवय असते. निरोगी माणसात मेंदू त्या सवयीला वरून आवर घालतो, आणि मेंदूचा तो भाग गेला की आवर घालणारे कोणी उरत नाही. ताण जितका वेगाने द्यावा तितका विरोध मोठा, ही या दोषाची ओळख. जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये केलेल्या व्याख्येतही वेगाचाच मुद्दा मध्यवर्ती आहे. डॉक्टरांनी टॅक्सीतल्या सीटबेल्टचा दाखला दिला: हिसका मारला तर अडकतो, सावकाश ओढला तर येतो. आमचे चौदा महिन्यांचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आम्ही दर वेळी हिसकाच मारत होतो.

करंगळी मात्र संथपणालाही दाद देत नव्हती. ती आखडलेली नव्हे, आखूड झालेली आहे, असे डॉक्टर म्हणाले. दोन्ही शब्द एकाच कुळातले असले तरी त्यांतला फरक आमच्यासाठी फार मोठा होता. फार काळ दुमडलेला राहिलेला स्नायू आणि सांध्याभोवतीची उती प्रत्यक्षातच लहान होत जातात, आणि जे लहान झाले ते इंजेक्शनाने लांब होत नाही. आधी आला असता तर, असे ते बोलले नाहीत. मी मनात बोलले.

गोळ्यांचा प्रयोग आधी झाला होता. बॅक्लोफेन पोटात गेले की ते सगळ्या शरीरात फिरते. त्याला डाव्या हाताची बोटे तेवढी सैल कर असे सांगता येत नाही. आत्या दिवसभर पेंगू लागली, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा डावा पाय लटपटू लागला. तिच्या पायातला ताठरपणा हा आजाराचाच भाग होता, पण ती उभी राहत होती ती त्याच ताठ गुडघ्यावर. तो आधार काढून घेतल्यावर ती न्हाणीच्या दारात बसलीच. डॉक्टर म्हणाले, “पायाला हात लावायचा नाही. तो त्यांचा खांब आहे.” म्हणून इंजेक्शन: औषध एका जागी द्यायचे, त्याचे काम बव्हंशी त्याच जागी व्हायचे.

औषधाचे नाव ऐकल्यावर आत्या म्हणाली, “बोटांसाठी म्हणून बोटॉक्स होय! बरं नाव ठेवलंय.” मी तिला दुरुस्त करणार होते, पण केले नाही. शेजारच्या काकूंनी मात्र हे नाव सिनेमानट्यांच्या बातम्यांत ऐकलेले होते. आत्याला आता या वयात चेहऱ्याला बोटॉक्स कशाला, असे त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारले. पुढे मेडिक्लेमवाल्यांनीही वेगळ्या भाषेत तेच विचारले. रात्रभर दाखल नव्हता, म्हणजे खर्च मिळणार नाही, हे त्यांचे दुसरे उत्तर होते. कपाळाच्या आठ्यांसाठी २० युनिटे टोचतात, आत्याच्या हातात पहिल्या वेळी २०० गेली, आणि १०० युनिटांच्या एका कुपीला तिच्या पेन्शनचा मोठा हिस्सा लागतो. याउपर त्या पत्रव्यवहाराबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

रात्री मी त्या नावाचा माग काढला. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एक विष; आणि लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज, मांस भरलेले आतडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बिघडलेली सॉसेजेस खाऊन माणसे मरत: डोळ्यांच्या पापण्या पडत, गिळता येत नसे, श्वास थांबे, आणि शेवटपर्यंत शुद्ध शाबूत असे. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने, जो कवीही होता, अशा रुग्णांच्या तपशीलवार नोंदी केल्या, विषाची चव स्वतः घेऊन पाहिली, आणि फार चेतलेल्या मज्जासंस्थेला हेच विष अल्प मात्रेत उपयोगी पडू शकेल, असा विचार मांडला. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी डुकराचे खारवलेले मांस खाल्ले आणि त्यांतले तिघे दगावले. त्या प्रकरणाच्या तपासातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांना हे विष बनवणारा जीवाणू सापडला. केर्नरच्या अटकळीला हात मिळाले ते फार उशिरा, सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाचे. तिरळे डोळे शस्त्रक्रियेविना सरळ करण्यासाठी त्यांनी हे विष डोळ्याच्या स्नायूत टोचले आणि त्याचे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्याला औषध म्हणून पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली. आठ्यांची मान्यता २००२ ची, प्रौढांच्या आखडलेल्या हाताची २०१० ची आणि पायाची २०१६ ची. म्हणजे आमच्या काकूंचे चुकले असे म्हणता येत नाही. आठ्या खरोखरच रांगेत आत्याच्या पुढे होत्या.

हे सगळे दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितले तेव्हा तिला कवीपेक्षा उंदरांमध्ये रस वाटला. या औषधाचे एक युनिट म्हणजे उंदरांच्या एका गटातले निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा, असे ठरलेले आहे. शिवाय एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही. “आणि मला दोनशे?” तिने विचारले. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “बिब्बा नाही का घालत.” एवढ्यावर तिने तो विषय संपवला.

कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि आमच्या डॉक्टरांकडे ती रुग्णानेच आणायची असते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये दोन कुप्या घेऊन आम्ही निघालो. आत्या टॅक्सीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेच्या भिंतीशी सिग्नल लागला. या परिसरात वाढलेल्या आम्हा सगळ्यांना लहानपणी शाळेतून तिथे साप दाखवायला नेत असत, आणि घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरची लस बनवतात, हे ऐकून आम्ही घोड्यांसाठी हळहळत असू. आत्या त्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “आज मी घोडा.”

प्रत्यक्ष टोचण्याला वीस मिनिटेही लागली नाहीत. डॉक्टरांनी सोनोग्राफीचे थंड जेल तिच्या दंडाला आणि कोपराखालच्या बाहूला लावले आणि पडदा तिच्याकडे वळवला. बाहूच्या आत करड्या पट्ट्यांचा एक थर दिसत होता, जणू कापडाची घडी उभी कापली आहे. त्यांनी तिचे मधले बोट हलकेच हलवले, तर त्या थरातली एकच पट्टी सरकली. अनामिका हलवली, दुसरी सरकली. एका बोटाला एक पट्टी, आणि त्यांच्या खाली आणखी एक थर, बोटांची शेवटची पेरे वळवणारा. आत्या उठून बसायला लागली. आयुष्यभर मुलींना अस्तर, कॅनव्हास आणि वरचे कापड वेगळे ओळखायला शिकवलेल्या बाईला आपल्या हातातले थर पाहायला मिळाले होते. सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी उतरे, पट्टीत शिरे, तिथे एक काळा थेंब फुगे आणि सुई मागे येई. दंडात चार ठिकाणी, बाहूत सहा. अंगठा तळव्यात ओढणाऱ्या स्नायूला शेवटी.

मग काहीच झाले नाही. हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, तरी आम्ही ते मनावर घेतले नव्हते. स्नायूला आकुंचनाचा निरोप मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने येतो. हे विष त्या टोकात शिरून स्नॅप-२५ नावाचे एक प्रथिन तोडते, आणि ते प्रथिन नसले की रसायन टोकाबाहेर पडत नाही. निरोप मेंदूकडून निघतो, मज्जारज्जूतून उतरतो आणि शेवटच्या उंबऱ्याशी अडतो. पण या सगळ्याला दिवस लागतात. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, पैसे पाण्यात गेले. सहाव्या दिवशी सकाळी चहा देताना मी पाहिले, तर तिचा अंगठा बाहेर होता. चौदा महिने तळव्यात दडलेला, सुरकुतलेला, इतर बोटांपेक्षा गोरा दिसणारा अंगठा. त्या रविवारी नखे मी एकटीने कापली.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोपर खाली सुटला आणि हात शरीराच्या बाजूला सरळ लोंबू लागला. मला त्याचा फार आनंद झाला आणि त्या आनंदाचे कारण मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. डिसेंबरात माझ्या भाच्याचे लग्न होते आणि फोटोत आत्या इतर माणसांसारखी उभी दिसणार होती. आत्याला मात्र काही दिवसांत कुरबुर सुटली. ती काठी उजव्या हातात धरून खालच्या भाजीवालीपर्यंत जायची आणि येताना पिशवी डाव्या कोपराच्या वळणात अडकवायची. पक्षाघाताने तिला न मागता दिलेला तो एकच अवयव होता: एक आकडा. आम्ही तो दोन कुप्या खर्चून सरळ केला होता. मेथीची जुडी आणि चार लिंबे घेऊन येताना पिशवी घसरून जिन्यात सांडली, तेव्हा ती वर येऊन म्हणाली, “माझी खुंटी काढून टाकलीत तुम्ही.” डॉक्टरांनी पहिल्या दिवशी “तुम्हाला या हाताकडून काय हवंय?” असे तिलाच विचारले होते. उत्तर मी दिले होते. हात मोकळा व्हावा, असे काहीसे, जे ऐकायला बरे वाटते आणि ज्यातून सुई कुठे घालायची हे कळत नाही.

या औषधाबद्दल जे वाचले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आणि ती आमच्या घरी अनुभवाला आली: आखडलेपण कमी होते, दुखणे कमी होते, हात धुणे-पुसणे, बाही घालणे सोपे होते, पण गेलेली हालचाल परत येईलच असे नाही. आवळणारे स्नायू ढिले केले म्हणून उघडणाऱ्या स्नायूंना आपोआप जोर येत नाही. आत्याने हे फिजिओथेरपिस्ट मुलीला आपल्या शब्दांत सांगितले, “मशीनचं टेन्शन ढिलं केलंय तुम्ही. शिवण अजून कुठे झालीय?” ती मुलगी तिला बाई म्हणते, आजी म्हणत नाही, म्हणून तिचे सगळे ऐकले जाते. टेन्शन ढिले असते त्या दहा-बारा आठवड्यांत स्नायूंना रोज सावकाश ताण देणे, रात्री बोटे सरळ धरून ठेवणारे स्प्लिंट बांधणे, बोटे उघडण्याचा प्रयत्न करायला लावणे, हे काम त्या मुलीचे आणि आमचे. स्प्लिंटच्या प्लॅस्टिकखाली घाम साचून तळव्यावर पुरळ आले, तेव्हा आत्याने जुन्या मलमलच्या साडीचे अस्तर मला बेतायला लावले. बेतताना माझी तीनदा खरडपट्टी निघाली.

अकराव्या आठवड्यात मूठ पुन्हा वळू लागली. मज्जातंतूच्या टोकांना नवे धुमारे फुटतात, तोडलेले प्रथिन पुन्हा तयार होते, निरोप पोचू लागतो. विषाचा अंमल कायमचा नसतो आणि बारा आठवड्यांच्या आत पुन्हा टोचत नाहीत. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडले, तर आत्याने उजवा हात वर केला, वर्गात गोंगाट झाल्यावर करत असेल तसा. कोपराला हात लावायचा नाही, ती म्हणाली. बोटे उघडा, अंगठा बाहेर ठेवा, आणि मनगट इतके सोडा की पंजा टेबलावर पालथा ठेवता येईल. डॉक्टरांनी कशासाठी ते विचारले. “कापडावर वजन हवं,” ती म्हणाली. उजव्या हाताने खडूची रेघ मारताना डाव्या हाताने कापड दाबून धरावे लागते. त्याने बोटे हलवायला हवीत असे मुळीच नाही, नुसते पडून राहिले तरी चालते. डॉक्टरांनी मला नव्हे, तिला विचारून तिच्या बाहूवर पेनाने खुणा केल्या. दोनशेऐवजी त्या वेळी एकच कुपी लागली.

आता ती दुपारी टेबलाशी बसते. उजव्या हाताने डावा पंजा उचलते, पालथा करते, गरम इस्त्री ठेवावी तशा काळजीने कापडाच्या कडेवर ठेवते, आणि आखूड करंगळी कापडाबाहेर राहील असे पाहते. इमारतीतल्या दोन मुली तिच्याकडे ब्लाऊजचे बेतणे शिकायला येतात. कापायचे त्यांनी, रेघ मारायची हिने. संध्याकाळी पिशवी कोपरात अडकवून ती खाली जाते.

दवाखान्यात तिच्या मुठीचे मोजमाप सुधारित अ‍ॅशवर्थ मापनाने होते, शून्य ते चार, मध्ये ‘एक अधिक’ नावाची विचित्र पायरी. घरी तिचे स्वतःचे माप आहे. इंजेक्शन पुरते लागू असते तेव्हा मुठीत दोऱ्याचे रीळ सहज बसते; मग नुसती बॉबिन जाते; शेवटी पेन्सिल. पुढची तारीख ऐन गणपतीत येते आहे, आणि लालबागमधून त्या दिवसांत टॅक्सी काढणे म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. तारीख आधी घेता येत नाही, बारा आठवडे भरत नाहीत, आणि विसर्जनानंतर घ्यावी तर मूठ तोवर सैल राहील का, हा प्रश्न आहे. काल सकाळी रीळ गेले नाही. बॉबिन गेली.